दुसरा कौल

रवळनाथाच्या मूर्तीवर दोन्ही अंगांना कौलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवून बराच वेळ झाला, तरी एकही पडेना. भरमा गुरवानं घसा खाकरून पुन्हा गाऱ्हाणं घातलं. "देवा, पोरीला पुण्याला धाडायचं असंल तर उजवा दे. घरात राहून बेळगावात शिकायचं असंल तर डावा दे. लेकराला घोर लावू नगंस."

नीलम उंबऱ्याबाहेर हात जोडून उभी होती. इंजिनीअरिंगला तिचा नंबर दोन्हीकडे लागला होता, पुण्यात सीमाभागाच्या राखीव जागेतून आणि इथं जवळ बेळगावात. आजच एका कॉलेजला होकार कळवायचा होता. तिला पुणं हवं होतं. पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या घरात विचारायचं ते देवाला. बोअर कुठं मारायची तेही देवच सांगे. पाणी लागलं तर देवाची कृपा, नाही लागलं तर विचारणाऱ्याची चूक; त्यामुळे देव कधी अडचणीत येत नसे.

खरं तर पुण्याचं तिला फार वेड होतं असंही नाही. तिला खानापूरचा रस्ता नको होता. तिचा थोरला भाऊ स्वरूप याच बेळगावच्या कॉलेजातून मोटारसायकलवरून घरी येताना त्या रस्त्यावर ट्रकखाली सापडला. नीलम तेव्हा सातवीत होती. तो गेला, पण घर काही त्याला सोडायला तयार नव्हतं. संध्याकाळी त्याच्या येण्याच्या वेळेला अण्णा अंगणातला दिवा लावून रस्त्याकडं बघत बसत. आई त्याचं ताट वाढून झाकून ठेवी आणि सकाळी म्हशीपुढं रिकामं करी. हल्ली नीलमलाही गाडीचा आवाज ऐकू यायचा. फाटकापाशी येऊन थांबायचा. तिला त्याची भीती वाटे, आणि एखाद्या दिवशी तो आला नाही तर जास्तच भीती वाटे. त्याच रस्त्यानं, त्याच कॉलेजात रोज जायचं म्हणजे या घराचा स्वरूप आता आपण व्हायचं, हे तिला पुरतं कळून चुकलं होतं.

डावी पाकळी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.

"दिला!" भरमा म्हणाला.

अण्णांनी डोळे पुसले. "पोर डोळ्याम्होरं ऱ्हाईल आता. देवाला काळजी हाय गं आपली."

 नीलमनं आईकडं पाहिलं. स्वरूप गेल्यापासून आईनं देवळाची पायरी चढली नव्हती. आज ती आपणहून आली, म्हणजे उरलेल्या लेकराला जवळ ठेव असं साकडं घालायलाच आली असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं.

आईनं पदर खोचला आणि उंबरा ओलांडून ती सरळ गाभाऱ्यात शिरली.

"वैनी, आत न्हाय यायचं!" भरमा ओरडला.

तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती देवाशीच बोलत होती, शेजारणीशी बोलावं इतक्या साध्या आवाजात. "माझ्या स्वरूपलाबी पुण्याची जागा लागलती. तवाबी तू डावाच दिलतास. पोरगं लई रडलं. मीच म्हटलं, देवाचं ऐकूया, डोळ्याम्होरं ऱ्हाईल."

 नीलमला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दादाला बेळगावच आवडायचं, असं तिला आजवर सांगण्यात आलं होतं. 

आईनं देवाच्या अंगावर राहिलेली उजवी पाकळी स्वतःच्या बोटांनी सोडवली. बाहेर येऊन ती नीलमच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटली.

"धर गं. डावा देवानं दिला. उजवा मी देते."