रॉयल्टीऐवजी चष्मा

"या वेळची रॉयल्टी नको, तुमचा एक चष्मा पाठवा," असं चारुशीलाने कळवलं, तेव्हा चष्मे बनवणाऱ्या कंपनीला ती थट्टाच वाटली होती. आज तोच चष्मा ती टिळेकर सरांच्या कानांवर अडकवत होती. सर तिच्या पीएचडीचे गाइड. हल्ली त्यांना समोरचा माणूस म्हणजे नुसती सावली दिसे.

चष्म्यात नखाएवढे दोन पडदे होते. सिलिकॉनचा केसाहून पातळ थर ज्या चकतीवर तयार होतो तिच्यावरून सोडवून काचेवर चढवायचा, या तिच्या पेटंटवरच ते बनत.

खरं तर त्याचं मूळ होतं तिचा वेंधळेपणा. विद्यार्थिनी असताना ती अशी एक चकती आम्लाच्या द्रावणात विसरून घरी गेली होती. सकाळी येऊन पाहते तर थर सुटून वर तरंगतोय! आता सर फाडून खाणार, म्हणून ती रडकुंडीला आली. सरांनी मात्र खालून काचेची पट्टी सरकवून तो अलगद उचलला. "अगं, अख्खा निघाला की!" पुढे पेटंटवर स्वतःचं नाव घालायला ते तयारच होईनात. "चूक तुझी, तर पेटंटही तुझंच," म्हणाले.

तिने चष्म्याचं बटण दाबलं. कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं मोठं होऊन पडद्यांवर उमटलं. सर बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

"चारू, केस पिकले की गं तुझे!"

ती पाया पडायला वाकली.

"वाकू नकोस," सर घाईघाईने म्हणाले. "चेहरा दिसेनासा होतो."