बलुम

"आधी शपथ घे," लास्त्रीचा कांग, म्हणजे थोरला भाऊ, पर्गोनो म्हणाला. "पुन्हा कधीही तसं करणार नाही म्हण. मगच घरी नेतो."

मनोरुग्णालयाच्या ओसरीवर, जावातल्या मेरापी डोंगराकडे पाठ करून, लास्त्री पिशवी भरून बसली होती. उद्या भाचीचं लग्न. नवरीच्या वेणीत मोगरा लास्त्रीआत्यानेच गुंफायचा, हे भाची पाळण्यात होती तेव्हाच ठरलेलं.

"कधीही नाही, असं मी म्हणणार नाही."

"एक शब्द तर आहे."

"खोटा आहे. इथं इतकी वर्षं जगले ती खरं बोलून, कांग. घरी तुम्ही सगळ्यांनी विचारलंत की 'छान आहे' म्हणायचे. पुढं काय झालं, आठवतंय ना?"

थोरल्या भावाने मान फिरवली. शेजारी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी शपथ कधी मागितली नव्हती. रोज सकाळी फक्त विचारायच्या, आज मरावंसं वाटतं का? वाटतं म्हणाली, की त्या दिवशी तिला कुणी एकटं सोडत नसे.

"आपल्या तुकीनेमआत्याची सत्तरी उलटली," लास्त्री म्हणाली. "लग्न झालं का, विचार तिला."

पर्गोनोला हसू फुटलं. "बलुम म्हणते."

"'नाही' का म्हणत नाही?"

"असं तोडून कुणी बोलतं का आपल्यात? बलुम. अजून नाही. तोंडात दात उरला नाही म्हातारीच्या, पण अजून नाही."

"मग मलाही विचार."

पर्गोनो मोटारसायकलची किल्ली बोटांत फिरवू लागला.

"विचार, कांग. इथं रोज विचारतात. विचारून कुणी मेलं नाही."

त्याने जमिनीकडे बघत विचारलं, "लास्त्री, मरायचंय?"

"बलुम."

"घरीही असंच विचारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उत्तर बदललं, तर तिच्याजवळ बसा आणि मला फोन करा."

पर्गोनोने पिशवी उचलली.

फाटकाबाहेर त्याने मोटारसायकल सुरू केली, हेल्मेट डोक्यावर चढवलं. "बस."

लास्त्री उभीच.

"माझं हेल्मेट?"

"अगं, गाव काय लांब आहे? शेतांतून तर जायचंय."

"शपथ मागायला आलास, आणि हेल्मेट एकच घेऊन?" तिने हँडलला लटकवलेली पिशवी काढून घेतली आणि फाटकाच्या कठड्यावर ऐसपैस बसली. "जा. दुसरं घेऊन ये. मी आहे."