उष्टी पात
लेकीला, नोदिराला, पहिलं बाळ व्हायचं होतं म्हणून मी ताश्कंदला निघाले होते, पण हिवाळाभर मातीत पुरलेल्या द्राक्षवेली वर काढल्याशिवाय माझा पाय घरातून निघेना. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवून थकला आणि मी शेवटची वेल मांडवाला बांधत होते, एवढ्यात नोदिराचे बाबा रिकामं फडकं नाचवत बागेत आले. "अगं, यातला नान कुठाय?" "खाल्ला. पहाटेपासून खणतेय, भूक लागणार नाही?" "अख्खा? एकच घास घ्यायचा होतास! उरलेला मी खुंटीला टांगणार होतो. निघताना उष्टा केलेला नानच माणसाला घरी ओढून आणतो. आता तू कशासाठी परत येशील?" लग्नापासून एक रात्रही आम्ही वेगळे राहिलो नव्हतो. मला मात्र हसूच फुटलं. मी वाफ्यात वाकले, मातीतल्या कांद्याची कोवळी पात अर्धी दातांनी तोडली आणि चावत म्हटलं, "ही घ्या माझी उष्टी पात. उरलेली आल्यावर खाईन. पाणी घाला म्हणजे झालं." आयुष्यात कधी झारीला हात न लावलेला माणूस गंभीरपणे विचारतो, "रोज घालायचं?" टॅक्सी वळणावर आली तेव्हा मी मागे पाहिलं. म्हातारा डोक्यावरची टोपी काढून त्या एका कांद्यावरून कोंबड्या हाकलत होता.