सावर्डेकरांचा दम

“आता श्वास रोखा, आजोबा,” निशिगंधा माइकवर म्हणाली.

“मला शिकवतेस होय? जन्म गेलाय त्यात!” मशीनच्या बोगद्यातून सावर्डेकर आजोबा गरजले.

हृदयाचा एमआरआय ती दोन पद्धतींनी काढून ताडून पाहत होती. श्वास रोखून काढलेली चित्रं रेखीव येतात, मोकळ्या श्वासातली जरा भरड. आज सगळं उलटंच! मोकळ्या श्वासातली बरी आली आणि रोखलेल्या श्वासातली तीनदा काढूनही पार हललेली. कोणती पद्धत चांगली, हे डॉक्टरांना काय कपाळ सांगायचं?

चौथ्यांदा मशीनचा खडखडाट थांबला, तरी आतून पुटपुट येतच राहिली.

“कबड्डी कबड्डी कबड्डी...”

निशिगंधाला हसू आवरेना. “आजोबा, तोंड मिटून!”

“अगं, चढाईत तोंड मिटलं की पंच बाद देतो!”

“इथली पंच मी आहे. मिटा!”

पाचव्यांदा पडद्यावर हृदय उमटलं, कोरून काढल्यासारखं.

“गडी बाद झालाय का गं?” आजोबांनी पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं.

“निकाल डॉक्टर देतील,” ती पडद्याकडे बघत म्हणाली, “पण पठ्ठ्या चढाई सोडायला तयार नाही!”