धुतलेला डोळा

तिसरी प्लेटही कोरीच निघाली. दोन दिवस उबेच्या पेटीत ठेवूनही तिच्यावर एक ठिपका उगवला नव्हता. वेनिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जावातल्या त्या आडगावच्या इस्पितळात डोळ्यांची साथ जिवाणूंची की विषाणूंची, हे प्रयोगशाळेत तपासून सांगणारी ती एकटी. पेशंटच्या डोळ्यातला स्राव प्लेटवर लावायचा; काही उगवलं तर जिवाणू. नाही उगवलं तर डॉक्टर हानुंग विषाणूचं औषध लिहून मोकळे. टोफू विकणाऱ्या पाइनेमला असंच औषध मिळालं. सोमवारी तिचा डोळा काढावा लागला, आणि तपासला तर आत जिवाणूंची नुसती जत्रा. मग प्लेट कोरी कशी राहिली?

आता पाळी वागिमानची होती. तो म्हशीच्या कातड्यातून सावल्यांच्या खेळाच्या बाहुल्या कोरायचा. केसाएवढी बारीक नक्षी, आणि उजवा डोळा उघडत नव्हता.

वेनिंगने आधी नर्सना फैलावर घेतलं. स्वॅब घेण्याआधी, म्हणजे डोळ्यातला नमुना काडीवर टिपण्याआधी, तुम्ही जिवाणू मारणारे थेंब घालता, असा तिचा आरोप होता. त्यांनी कानावर हात ठेवले. मग ती हानुंगना भिडली. ते म्हणाले, पेटी बिघडली असेल, ती बघा. पेटी तिने दोनदा तपासली होती. उरले पेशंट. बाजारातले थेंब गुपचूप घालायचे आणि वर साळसूद चेहऱ्याने बाकावर बसायचं, यांना चांगलंच ओळखून होती ती. पाइनेमचा डोळा ज्याच्यामुळे गेला त्याला सोडायचं नाही, असं ठरवूनच ती बाकापाशी आली.

"खरं सांगा म्बाह, यांच्या डोळ्यात काय घालता?" तिने वागिमानशेजारी बसलेल्या आजीला विचारलं.

"औषधाचा थेंबसुद्धा नाही, बू," वागिमानची म्हातारी बायको सुमिराह बाईंना अदबीने म्हणाली. "नुसता धुतो. आत्ताही दारातच धुतला."

तिने पिशवीतून बाटली काढली. आत विड्याच्या पानांचा काढा होता. वेनिंगला ती बाटली भिंतीवर आपटावीशी वाटली. काढ्याने वरवरचे जिवाणू मरणार, आतले डोळा खात राहणार. प्लेटवर उगवणार काय, कपाळ? असलं शहाणपण शिकवणारा दीडशहाणा कोण, ते नाव तिला हवं होतं.

सुमिराहने मान खाली घातली. मोठ्या हुद्द्याच्या माणसाला तोंडावर बोलायचं नाही, या वळणात ती वाढलेली. नवऱ्याने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे ती बोलली.

"रागावू नका, बू. पाइनेम पहिल्यांदा आली तेव्हा तिचा डोळा चिपडांनी भरलेला होता. तुम्ही म्हणालात, ही घाण घेऊन यायला लाज नाही वाटत? जा, धुऊन ये. बिचारीने घरी जाऊन पानं उकळली. तेव्हापासून आमच्या गावातलं कोणी न धुता तुमच्यासमोर येत नाही."

वेनिंग बाकावर बसली. शब्द तिचेच होते. रोज कुणा ना कुणाला ती ते ऐकवायची. हातातली स्वॅबची काडी तिने न वापरताच बाजूला ठेवली. आज डोळ्याला पाण्याचं बोट लावू नका, उद्या सकाळी उठाल तसेच, चिपडांसकट या, असं तिने सांगितलं.

सुमिराह जरा घुटमळली.

"आणि मग तुम्ही ओरडणार नाही ना, बू?"