पायाळू

लक्ष्मम्मा उंबऱ्याच्या आत घोंगडीवर पालथ्या पडल्या होत्या. गळ्यातलं इष्टलिंग अंगाखाली दबू नये म्हणून त्यांनी ते मुठीत धरलं होतं.

"हाण आता," त्या म्हणाल्या.

सुकन्या सासूच्या कमरेशी उभी होती. उजवा पाय धुतलेला. शेजारच्या कमलम्मानं त्याच्या अंगठ्याला हळदीचं बोटही लावलं होतं.

"बघत काय राहिलीस? ऊन उंबऱ्यावर यायच्या आत झालं पाहिजे," कमलम्मा म्हणाली. "मग गुण येत न्हाई."

ऊन अंगणातल्या बेलाच्या आळ्यापर्यंत आलं होतं.

सुकन्या पायाळू. जन्मताना डोक्याआधी तिचे पाय बाहेर आले होते. अशा माणसानं कमरेत लाथ घातली की उसण उतरते, हे देगलूरकडच्या त्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. चैत्रात गल्लीतल्या बसलिंगप्पांची तिच्याच पायानं उतरली होती. पण ती साधी उसण होती. लक्ष्मम्मांच्या डाव्या पायाला कमरेपासून बोटांपर्यंत मुंग्या येत होत्या. उदगीरला फिजिओथेरपीच्या शिल्पा मॅडमनी त्यांचा तो पाय सरळ उचलून पाहिला, तेव्हा वीतभर वर जाताच त्या ओरडल्या होत्या.

"आत्या, नस दबलेली हाय. मॅडम म्हणल्या, झटका बसला तर पाय लुळा पडंल. मलाच बाजूला घेऊन सांगितलं त्यांनी."

"ती काल शाळेतून सुटल्यावानी पोरगी. म्हनं, उताणं निजा आन कंबर जमिनीला दाबा. जमीन दाबून कुणाचं दुखणं गेलंय?"

व्यायामाचा कागद देव्हाऱ्याखाली घडी करून पडला होता, आणला तसाच.

कमलम्मा हसली. "सासूच्या कमरेत लाथ घालायला सुना नवस बोलत्यात. हिला आयती मिळून राहिली, तर नको म्हनती!"

लक्ष्मम्मांनी गाल घोंगडीला टेकवला.

"लग्नाच्या वर्षी तुझा पाय माझ्या अंथरुणाला लागला, तर चार दिवस बोलले न्हाई मी तुझ्याशी. आज मीच मागून राहिले. अकरा दिवस झाले सुकन्ये, पूजेला बसता येईना. पडल्या पडल्या लिंगाला पाणी घालते, निम्मं मानेखाली जातं. त्या दिवसाचा राग मनात असंल तर त्या रागानं हाण. पण हाण."

सुकन्यानं पाय उचलला.

ऊन पायरीवर चढलं. कमलम्मा हसायची थांबली. लक्ष्मम्मांनी लिंगाची मूठ आणखी आवळली.

पाय कमरेवर टेकला. तळव्याखाली मणक्याच्या दोन्ही बाजूंचं मांस पिळलेल्या चऱ्हाटासारखं कडक लागलं. ते थरथरत होतं. सगळं अंग फटक्याची वाट बघत होतं.

"हं!" कमलम्मा म्हणाली.

सुकन्यानं पाय काढून घेतला.

"आत्या, उताणं व्हा."

"आगं, पालथंच राहावं लागतं!" कमलम्मा पुढं आली. "उताण्या माणसाला कुठं लाथ मारत्यात?"

"पाय माझा हाय ना, अक्का? मग लावायचा कसा ते मला कळतं."

तिनं लक्ष्मम्मांना कुशीवर घेतलं, मग हळूच पाठीवर. दोन्ही गुडघे वर उभे केले. स्वतः त्यांच्या शेजारी बसली, आणि कमरेखालच्या पोकळीत उजव्या पायाची बोटं सरकवली.

"आता दाबा माझ्या पायाला. जमिनीत गाडायचाय असा."

"मी दाबू? लाथ तू मारायची..."

"तुमच्यावर पाय ठेवायला मला जमत न्हाई. खाली ठेवते. नमः शिवाय म्हणेस्तोवर धरा, मग सोडा."

लक्ष्मम्मा आढ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांचे ओठ हलले. पहिल्या वेळी सुकन्याच्या बोटांना काहीच कळलं नाही. दुसऱ्या वेळी थोडं वजन आलं. तिसऱ्या वेळी हाडाचा भार आला.

"हे कसलं पायाळूपण, माय!" कमलम्मा पदर झटकत उठली. "ऊन आलं उंबऱ्यावर. गेला गुण." ती पायरी उतरून निघून गेली.

सुकन्या हाताच्या बोटांच्या पेरांवर मोजत होती. सातव्या वेळी लक्ष्मम्मा कण्हल्या. तिचा अंगठा पेरावरच थांबला.

"पायात गेली कळ? आत्या, पायात गेली का?"

लक्ष्मम्मांनी डाव्या पायाची बोटं हलवून पाहिली.

"न्हाई. कमरेतच हाय."

आठ. नऊ.

"झाले दहा," सुकन्या म्हणाली. तिच्या कपाळावरचा घाम भस्माच्या पट्ट्यांत उतरला होता.

लक्ष्मम्मांनी डोळे मिटलेलेच ठेवले. मूठ सैल झाली होती. लिंग छातीवर होतं.

"ती पोरगी पन दहाच म्हनली होती."

ऊन आत येऊन दोघींच्या पायांवर पडलं. तिनं बोटं हळूच मागं ओढायला सुरुवात केली.

"पाय काढू नको."

ओठ पुन्हा हलले, भार पुन्हा खाली आला. सुकन्याच्या बोटांना केव्हाच्या मुंग्या आल्या होत्या. तिनं पाय तसाच ठेवला.