घुबडाचा प्रसंग

खोलीत चार माणसं होती. सोफ्यावर आत्या, तिच्या मांडीवर सहा वर्षांची चिमणी, समोरच्या खुर्चीत चिमणीचे बाबा आणि स्वयंपाकघराच्या दारात आई. जमिनीवर एकवीस रंगखडू पसरले होते, त्यांतले दोन मोडलेले. टीव्हीवर एक साळिंदर थांबवून ठेवलं होतं, एक पाय हवेत.

"ते घुबड फार भयंकर आहे," आई म्हणाली. "रविवारी वाढदिवसाला सगळी लहान मुलं असणार. दुसरा एखादा सिनेमा लावू."

"अगं वहिनी, कार्टून आहे ते!" आत्या हसली. "माझ्या दोघांनी चारदा पाहिला. धाकटा तर घुबडासारखा घुत्कार करून आमचं डोकं उठवतो. तुझी पोरगी काय मेणाची आहे?"

"भयंकर म्हणजे किती?" बाबांनी विचारलं.

दुकानांतले वजनकाटे तपासून त्यांवर शिक्का मारणं ही त्यांची नोकरी होती. आवाज न चढवता ते असे प्रश्न विचारत.

आईने सकाळी एकटीने पूर्ण सिनेमा पाहिला होता. घुबडाचं तिला काहीच वाटलं नव्हतं. तिला नको होता तो त्याच्यानंतरचा प्रसंग. पण तो का नको, हे या खोलीत सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून तिने घुबड पुढे केलं होतं.

"मला आपलं वाटतं," ती म्हणाली.

"वाटतं-बिटतं नको. मोजू." बाबांनी कपाटातून ऑक्सिमीटर काढला. मागच्या आजारपणात आणलेला, बोटाला चिमट्यासारखा लावायचा. नाडीचे ठोकेही दाखवणारा. "घाबरली तर ठोके वाढतील. वाढले तर तुझं खरं."

त्यांनी चिमटा उघडून हात पुढे केला. चिमणीने आपलं बोट आत्यापुढे केलं.

"लाडोबा! बरं, आत्या लावते," आत्या म्हणाली.

आधी नुसतं बसवून आकडा घ्यायचा, असं बाबांनी सांगितलं. चौऱ्याण्णव आला. मग सिनेमा सुरू झाला. जंगलात अंधार पडला. झाडाच्या ढोलीतून घुबड निघालं, पंख पसरले, पडदा काळा झाला आणि त्या काळ्यात दोन पिवळे डोळे उघडले.

"त्याचा एक डोळा मोठाय," चिमणी म्हणाली आणि खुदकन हसली.

"शंभर. सहाच वाढले," आत्याने आकडा वाचला. "दादा, जिंकलास. वहिनी, हरलीस. चहा टाक आता."

"झालं ना मग? बंद करते," आई म्हणाली. ती रिमोटकडे आलीही. रिमोट बाबांच्या मांडीवर होता.

"चालू दे. रमली आहे ती."

"भूक लागली असेल तिला."

"आत्ता तर बिस्किटं खाल्ली," बाबा म्हणाले.

पडद्यावर साळिंदराचं घर आलं. पिल्लं पिठात लोळत होती, त्यांची आई भांडी विसळत होती. खिडकीतून ऊन येत होतं. बाहेर पायरीवर पावलं वाजली. कुलपात किल्ली फिरली.

चिमणी आत्याच्या मांडीवरून उतरली. ती गुडघ्यांवर बसली आणि खडू गोळा करू लागली. भराभर, एका हाताने, कारण दुसऱ्या हाताला चिमटा होता. मोडलेले दोन तिने आधी उचलले आणि सोफ्याखाली सरकवले.

"अगं, काय झालं? कुठे निघालीस?"

"बाबा आले," चिमणी म्हणाली.

"वेडी! बाबा हे काय, इथेच बसलेत."

पडद्यावर साळिंदर-बाबांनी टोपी काढली, पिठात माखलेली पिल्लं पाहिली आणि ते मोठ्याने हसले. पिल्लं त्यांच्या गळ्यात पडली. गोड संगीत सुरू झालं. चिमणीने मान वर केली नाही.

आत्याने तिला उचलून पुन्हा मांडीवर घेतलं. "एकशे सेहेचाळीस," ती म्हणाली. मग तिने चिमणीच्या छातीवर तळवा ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. आत्या हसायची थांबली होती.

"हललीय ना, म्हणून," आई घाईने म्हणाली. "घुबडाचंच असेल ते. उशिरा जाणवतं मुलांना."

बाबांनी सिनेमा थांबवला. साळिंदर-बाबा हात पसरून उभे राहिले.

"काटा चुकीचा वाटला, तर आम्ही काय करतो माहीत आहे?" ते आत्याला म्हणाले. "आधी काटा तपासतो. वेगळं वजन ठेवून."

त्यांनी चिमणीच्या बोटाचा चिमटा काढून स्वतःच्या बोटाला लावला. वाट पाहिली. अडुसष्ट.

"म्हणजे यंत्र ठीक आहे," आत्या हळू म्हणाली. "दादा, राहू दे आता."

"एकावर भागत नाही. दोन तरी घ्यायची." ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे गेले. आई मागे सरत पुन्हा तिथे पोचली होती. "हात दे."

"अहो, ओले आहेत माझे हात."

"पूस मग."

तिने पुसले. पुसायला वेळ लावला. बाबा चिमटा उघडा धरून थांबले होते, चेहऱ्यावर काही नाही. आत्या चिमणीला घेऊन उभी राहिली, पण जागची हलली नाही.

आईने बोट दिलं. बाबांनी ते नीट आत सरकवलं, मनगट दुसऱ्या हाताने धरलं, हलू नये म्हणून. आकडा थोडा वर-खाली झाला आणि स्थिरावला.

एकशे एकावन्न.